चावीचे पैसे

उधन्याच्या उद्योगनगरामागे एका अरुंद गल्लीत नानांचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे. दोन मशिनं, वर पत्रा, कोपऱ्यात प्लायवूडची केबिन. नाना मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने सुरतेला आलेल्या हजारो खानदेशी पोरांसारखे तेही आले, बारा बारा तासांच्या पाळ्यांत लूम चालवले आणि पन्नाशीला टेकता टेकता रिंगरोडच्या व्यापाऱ्यांकडून साड्यांचं जॉबवर्क घेऊ लागले. लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा या पट्ट्यात असे नाना गल्लोगल्ली भेटतात. इथे पाट्या गुजरातीत, व्यवहार हिंदीत आणि भांडणं अहिराणीत.

नाना वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ते तसे वाटतील म्हणून. कारागिराच्या घरात आजारपण आलं तर खिशात हात घालायचे, कोणाची मयत झाली तर खांद्याला पहिले. खोड एकच होती. माणूस काम सोडून निघाला की त्याचा शेवटचा हिशेब नानांच्या हातून सुटत नसे. ‘गावाहून परत ये, मग बसू.’ तो परत येई तेव्हा राखीचा माल तोंडावर असे, राखी आटपली की दिवाळी, दिवाळीनंतर लग्नसराई. बुडवायचा हेतू नसे. पैसे मात्र बुडत.

त्यांच्याकडे पंचिंगला एक पोऱ्या होता, दोंडाईचाकडचा. कागदावरचं फूल मशिनला कळेल अशा टाक्यांत बसवायचं, सुई कुठून निघेल, कुठे वळेल, सिक्वेन्सची टिकली कुठे पडेल हे संगणकावर आखायचं, याला पंचिंग म्हणतात. जॉबवर्कचा दर हजार टाक्यांवर लागतो, त्यामुळे पंचिंगवाला हुशार असेल तर कमी टाक्यांत भरगच्च नक्षी काढतो, ती व्यापाऱ्याला परवडते आणि मालक तरतो. हा पोऱ्या हुशार होता. नानांनी नवा लॅपटॉप आणला तेव्हा तो पहिल्यांदा चालू केला त्यानेच. विंडोजने मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं. नानांकडे साधा ईमेलही नव्हता. ‘तुझाच टाक ना,’ म्हणत नाना शेजारी उभे राहून चहा पीत होते. पोऱ्याने स्वतःचा टाकला. त्या क्षणी लॅपटॉपने आपल्या ड्राइव्हला आतून कुलूप घातलं आणि त्याची जादा चावी मुकाट्याने पोऱ्याच्या खात्यात नेऊन ठेवली. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे असं आपोआप होतं. त्याला कळलं नाही, नानांना तर नाहीच.

एप्रिलच्या शेवटी आखाजी आली. खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. पोऱ्याच्या बहिणीची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. त्याने आठ दिवस मागितले.

‘ऐन लग्नसराईत?’ नाना म्हणाले.

तो गेला. आला तेव्हा खुर्चीवर दुसरं पोरगं बसलेलं होतं. एप्रिलच्या अठरा दिवसांचा पगार राहिला होता. ‘पुढच्या आठवड्यात ये.’ तो दोनदा आला, मग आला नाही.

जुलैमध्ये एका रात्री पत्र्याचा सांधा सुटला आणि पाण्याची धार नेमकी केबिनमधल्या टेबलावर लागली. सकाळी लॅपटॉपच्या कीबोर्डमधून पाणी निथळत होतं. मदरबोर्ड गेला. नानांचा भाचा इंजिनिअरिंगला. त्याने मागचं झाकण उघडून आतून च्युइंगगमच्या पट्टीएवढी पाटी काढली. 22 मिलिमीटर रुंद, 80 लांब, कडेला सोनेरी दात. तिच्यावर पाण्याचा थेंब नव्हता.

‘मामा, बॉडी गेली, जीव शिल्लक आहे. दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घातली की झालं.’

नानांना हायसं वाटलं. त्या पाटीत दोन वर्षांच्या डिझाईनच्या फायली होत्या, मार्केटमधल्या एकूण एक पार्टीची येणी होती, आणि 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायचा होता. शिवाय त्यांना 2006 आठवलं. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि ताप्तीने सुरतेचा मोठा भाग बुडवला. तेव्हाच्या हिशेबाच्या वह्या नानांनी गच्चीवर दगड ठेवून वाळवल्या होत्या. शाई फुटली, पानं पापडासारखी झाली, पण आकडे लागले. तेव्हा निभावलं होतं, आताही निभावेल, असा त्यांचा हिशेब. तो तसा चूक नव्हता. फक्त वही वाळली की कोणालाही वाचता येते, आणि ही पाटी तशी नव्हती.

भाच्याने ओळखीतून एक जुना, दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप आणला. आठ हजार. त्यात तशीच फट होती. पाटी तिरकी धरून सरकवली, दाबली, स्क्रू लावला. अगदी चपखल बसली. चालू केला तर लॅपटॉप म्हणे, आत ड्राइव्हच नाही. काढली, पुसली, पुन्हा बसवली. पुन्हा तेच. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेला मोबाईलवाला येऊन बघून गेला. ‘तीनशे रुपयांत फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकतो, पळायला लागेल,’ म्हणाला. नाना जवळपास हो म्हणालेच होते. आक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, आतून म्हणाल्या, ‘अहो, एकदा डिंडोलीच्या ताईला दाखवा.’

डिंडोलीची ताई अमळनेरची. घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्ती करते. टेबलावर निळं रबरी मॅट, मनगटाला वायरीचा पट्टा, चुंबकाला चिकटलेले तांदळाएवढे स्क्रू. तिने पाटी उजेडात धरली.

‘दातांमध्ये खाच किती, मोजा बरं नाना.’

‘एक.’

‘ही एनव्हीएमई. दुसरी जात साटाची, तिला बहुतेक दोन खाचा असतात. तुमच्या भाच्याने आणलेल्या मॉडेलच्या फटीत दोन्ही बसतात, पण आतली वायरिंग फक्त साटाची आहे. घेताना दाखवायचं होतं. तो परत करा.’

भाचा पंख्याकडे बघू लागला. एका मॉडेलची पाटी दुसऱ्यात घालताना बहुतेकांचं इथेच फसतं. लांबी जुळली, खाच जुळली म्हणजे काम झालं असं वाटतं. त्यात काही कंपन्या 80 मिलिमीटरची पाटी घेतात, काही आखूड 30 ची. काहींनी तर साठवणुकीच्या चिपा थेट बोर्डालाच डाखवल्यात. तिथे बदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही.

आठ हजारवाला परत गेला. ताईने स्वतःकडचा एक वापरलेला लॅपटॉप काढला, एनव्हीएमई चालणारा. पाटी बसवली. या वेळी ओळखली गेली, आणि पडद्यावर निळ्या रंगात बिटलॉकरचा खलिता आला: रिकव्हरी की टाका.

‘हे काय?’

‘कुलूप. चावी जुन्या बोर्डावर टीपीएम नावाच्या चिपेत होती. पाटी जुन्या घरात होती तोवर ते आपोआप उघडायचं, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. घर बदललं, आता ते विचारतंय, तू कोण?’

‘मी मालक! बिल आहे माझ्याकडे.’

‘बिल त्याला वाचता येत नाही.’

भाच्याने तोड सुचवली, पाटी बाहेरच्या डबीत घालून यूएसबीने लावू. ताईने लावूनही दाखवली. तिथेही तोच प्रश्न. नाना म्हणाले, ‘मग तोड ते कुलूप. तुला येतं ना एवढं?’

‘मलाच काय, कुणालाच येत नाही. आत सगळं गिचमिड करून ठेवलंय, त्या आकड्यांशिवाय ते सरळ होत नाही. तुमचा लॅपटॉप चोरीला गेला असता तर याच कुलपाला तुम्ही नमस्कार केला असता. चोर आणि मालक त्याला सारखेच; ज्याच्याकडे आकडे, तो मालक. फॉरमॅट मारू म्हणाल तर दहा मिनिटांचं काम. लॅपटॉप चालेल. पण मग शोधूनही काही सापडणार नाही. असले ड्राइव्ह पुसलेलं खरोखर पुसतात, जुन्या हार्डडिस्कसारखं मागे काही ठेवत नाहीत.’ ती थांबली. ‘पहिल्यांदा चालू कोणी केला होता हा?’

नाना काही बोलले नाहीत. आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं.

भाचा म्हणाला, ‘सोपं आहे की. त्याचा पगार आत्ता फोनवरून टाकून द्या, व्याजासकट. मग मागा चावी. देईल धावत.’

ताईने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ‘आज टाकलेत तर तो पगार राहणार नाही, चावीचा भाव होईल. तो कितीही चांगला असला तरी त्याला तसंच वाटेल. मलाही वाटलं असतं.’

‘आणि न देता मागू?’

‘ते तर त्याहून वाईट.’

‘मग करू काय मी?’

‘ते मला विचारू नका नाना. मी लॅपटॉप दुरुस्त करते.’

बराच वेळ कोणी बोललं नाही. नानांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. त्यांना पोऱ्याच्या पगाराची रक्कम तोंडपाठ होती, ही गंमत बघा. जे देणं आपण विसरलो असं म्हणतो, ते बहुधा पाठच असतं. शेवटी आक्कांनी स्वतःचा फोन काढला. डब्यातली भाकरी कमी पडली तर पोऱ्या त्यांच्याकडे मागायचा; नंबर त्यांच्याकडे होता.

‘कसा आहेस रे भो? बहिणीची आखाजी कशी झाली?’

तीन महिने उशिराने विचारलेला प्रश्न. तिकडून पोऱ्या काहीतरी बोलला, आक्का हसल्या, मग एकदम गप्प झाल्या आणि फोन नानांपुढे धरला. मागे पांडेसऱ्याच्या कुठल्याशा प्रोसेस हाऊसचा आवाज येत होता; तो तिथे डिस्पॅचला लागला होता.

‘हां... ऐक,’ नाना म्हणाले. ‘तुझे ते अठरा दिवसांचे...’

‘नाना, काय अडलंय ते सांगा आधी.’

नानांनी सांगितलं. पोऱ्या म्हणाला, ‘ते कुलूप माझ्या खात्याने लागलं, हे मला आत्ता कळतंय. थांबा, बघतो.’ दोन-तीन मिनिटं नुसती मशिनची घरघर. ‘आहे. पण दोन चाव्या दिसतायत, एक माझ्या लॅपटॉपची असणार. तुमच्या स्क्रीनवर की आयडी आहे ना? त्यातली पहिली आठ अक्षरं वाचा.’

ताईने वाचली. जुळली.

‘लिहून घ्या.’

आक्कांनी जुन्या चलनाची पाठकोरी बाजू घेतली. अठ्ठेचाळीस आकडे, सहा सहाचे आठ गट. पोऱ्या शिकला महापालिकेच्या मराठी शाळेत, पण दिवसभर तोंडात गुजराती. तो दोन दोन आकडे जोडून भराभरा सांगत सुटला, काही मराठीत, काही गुजरातीत, मधेच एखादा हिंदीत. आक्का लिहीत गेल्या. ताईने टाइप केलं. लॅपटॉपने चावी नाकारली.

‘एकेक आकडा सांगायला लावू का परत?’ भाच्याने विचारलं. पण तिकडे पोऱ्याच्या सुपरवायझरने हाक मारली होती, फोन कटला.

ताई म्हणाली, ‘एक सोय आहे. यातला प्रत्येक गट 11 ने नि:शेष भागला जातो. आकडा चुकला असेल तर कळतो.’ तिने कॅल्क्युलेटर शोधायला खण उघडला, तोवर नानांनी चलन स्वतःकडे ओढलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण 11 ची कसोटी त्यांना गुरुजींनी छडीने शिकवली होती: एक सोडून एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या, वजाबाकी शून्य नाहीतर अकराच्या पटीत यायला हवी. पेन्सिलीचं टोक गटागटावरून फिरू लागलं. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा 275494. दोन, पाच, नऊ: सोळा. सात, चार, चार: पंधरा. ‘हा खोटा.’

आक्कांनी डोळे बारीक केले. ‘शेवटचं त्याने चोर्यासी म्हटलं का चोराणू?’

‘84 धर. आठ, पाच, दोन: पंधरा. पंधरातून पंधरा गेले.’ नानांनी 9 खोडून 8 केला. केबिनमध्ये मार्केटच्या व्यापाऱ्याने चुकीचं बिल लावलं की त्यांचा चेहरा जसा होई, अगदी तसा झाला होता, फक्त या वेळी जरा खूश.

कुलूप उघडलं. लगेच दुसरा निळा पडदा आला, रडका चेहरा काढलेला: इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. भाच्याने डोक्याला हात लावला. ताई मात्र हसली; हे तिचं रोजचं. जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ड्राइव्ह रेड पद्धतीने जोडलेला, या मॉडेलमध्ये एएचसीआय; विंडोज जुन्या सवयीने चुकीच्या दाराशी उभी. तिने बायोसमध्ये जाऊन सेटिंग जुन्यासारखं केलं. पुन्हा चालू केल्यावर पुन्हा चावी मागितली. पुन्हा अठ्ठेचाळीस आकडे, आता नाना सांगत होते, एकेक सुटा. मग ‘उपकरणं तयार होत आहेत’ असं म्हणत बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि शेवटी नानांची ओळखीची खिडकी उघडली, कोपऱ्यात सप्तशृंगीचा फोटो, मध्ये डिझाईनचे फोल्डर. ड्राइव्हची तब्येत ताईने एका प्रोग्रॅमने तपासली. ठणठणीत. पाटीला काही झालंच नव्हतं कधी.

रविवारी पोऱ्या कारखान्यावर आला. बरोबर छोटी डायरी, तीत एप्रिलच्या हजेऱ्या. अठरा दिवस, सहाशेने, दहा हजार आठशे. नानांनी बारा हजार मोजून पुढे ठेवले. त्याने ते घेतले, मोजले, बाराशे वेगळे काढून टेबलावर ठेवले.

‘राहू दे रे. केवढं काम केलंस.’

‘चावीचे पैसे मी लावत नाही नाना. पगाराचे सोडत नाही.’

मग त्याने ताईला फोन लावला. त्याचं म्हणणं होतं की नानांच्या नावाचं खातं काढा, कुलपाची नवी चावी बनवा, जुने आकडे बाद करा. ‘माझ्या खात्यातूनही ते काढून टाकतो, तुमच्यादेखत. उद्या या लॅपटॉपमधलं काही इकडचं तिकडे झालं तर नाव माझं यायला नको.’ ताई फोनवर एकेक पायरी सांगत गेली, तो करत गेला. नव्या चावीचे दोन कागद छापले. एक नानांच्या पाकिटात गेला, दुसरा आक्कांनी मागून घेतला आणि तो कुठे ठेवला ते कोणालाही सांगितलं नाही, नानांनाही.

नाना त्याला दारापर्यंत सोडायला गेले. ‘परत येतोस का? दोन हजार वाढवून देतो.’

‘तिथे पगार सात तारखेला होतो, नाना.’ एवढं बोलून तो गाडीला किक मारून गेला.

नाना केबिनमध्ये आले. जीएसटीचं काम करायला त्यांनी फाईल उघडली, पण खालच्या पट्टीवर ‘बाकी’ नावाचं एक पान होतं ते दिसलं. पोऱ्यानेच कधीतरी बनवलेलं. वरच्या अर्ध्या भागात मार्केटकडून यायची येणी होती, ती नाना रोज बघत. खाली सरकवत त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं की खालच्या अर्ध्यात द्यायची देणी होती: कोरोनात गावी गेलेला एक हेल्पर, धागा तोडणाऱ्या दोन बाया, रात्रपाळीचा एक ऑपरेटर, शेवटी पोऱ्याचं स्वतःचं नाव. प्रत्येकापुढे दिवस, दर, रक्कम, फोन नंबर.

त्यांनी पोऱ्याच्या नावापुढे शून्य घातलं. मग हेल्परचा नंबर लावला. तो अस्तित्वात नव्हता. धागा तोडणाऱ्यांपैकी एका बाईंचा लागला.

‘मावशी, उधन्याहून बोलतोय, एम्ब्रॉयडरीवाले नाना. तुमचे चार हजार दोनशे राहिलेत माझ्याकडे.’

‘कोण नाना?’ पलीकडून विचारणा झाली, आणि मग, बऱ्याच वेळाने, ‘चार हजार साडेतीनशे.’

नानांनी पेन्सिल उचलली. ‘सांगा, कुठले दिवस धरलेत?’